सासुरवाडीचा दगड

माणसाने घरात व्यायामाचं सामान आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी पाठीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवून मांडतो आहे, तेव्हा ते अनुभवाचे बोल समजावेत.

मी गोविंद. धारवाडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. राहायला नवनगरात, भाड्याच्या घरात, खालच्या मजल्यावर. वरती घरमालक अप्पाजी आणि त्यांच्या नागुबाई. वय सत्तेचाळीस, स्वभाव भित्रा. हे मी लाजत सांगत नाही. काही माणसं उंच असतात, काही सावळी असतात, तसा मी भित्रा आहे. मी कुत्र्यांना भितो, कुकरच्या शिट्टीला भितो, आमच्याकडच्या चिगरी बसच्या आपोआप मिटणाऱ्या दारांना भितो, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त माझ्या सासऱ्यांना भितो. (बायकोला भीत नाही. बायकोला मी मानतो. फरक आहे.)

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात जुन्या फायलींचा गठ्ठा उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंबर सोडून माझा दंडच दाबायला सुरुवात केली.

"इथे स्नायू असतो," ते म्हणाले.

"मग?"

"शोधतोय."

बराच वेळ शोधून त्यांनी हात खाली सोडला आणि म्हणाले, "गोविंदराव, चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात. नुसतं चालून भागत नाही. वजनं उचला. नाहीतर साठीत खुर्चीतून उठवायला माणूस ठेवावा लागेल."

मी तिथेच खुर्चीतून उठून पाहिलं. उठता आलं, पण हँडल धरावं लागलं.  घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, की व्यायाम करायचा, आणि घरातच करायचा.

जिममध्ये का नाही, असं तुम्ही विचाराल. एकदा डोकावून आलो होतो. चारही भिंतींना आरसे. मला एक मी पुरे होतो. तिथे सोळा दिसले, आणि सोळाही घाबरलेले.

आमच्या ऑफिसात सिद्धांत नावाचा तरुण सहकारी आहे. त्याच्या शर्टाच्या बाह्या नेहमी उसवायच्या बेतात असतात. मी त्याला हळूच कोपऱ्यात घेऊन विचारलं, तर तो जोरात म्हणाला, "सर, होम जिम? एकदम बेस्ट! डंबेल्स घ्या की."

संध्याकाळी मी मोबाइलवर डंबेल्स बघत बसलो. खाली लोकांचे अभिप्राय होते. एका गृहस्थाने पाच स्टार देऊन लिहिलं होतं, "क्वालिटी उत्तम. पायावर पडला तरी डंबेलला ओरखडाही नाही." पायाचं काय झालं, ते लिहिलं नव्हतं. मी मोबाइल बंद केला आणि दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन बसलो.

मग सिद्धांतने रबरी पट्टे सुचवले. लोखंड नाही, वजन नाही, पडायची भीती नाही. पट्टा खिडकीच्या गजाला बांधायचा आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचा. मी मागवला, बांधला, ओढला. माझ्या गाठी पहिल्यापासून कच्च्या. गाठ सुटली, पट्टा माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोला लागला. फोटो खाली आला.

फोटो सासऱ्यांचा होता.

तो फोटो म्हणजे आमच्या हॉलमधलं एकमेव दैवत. माझे सासरे कृष्णाप्पा, वय तेव्हाचं पंचवीस, लंगोट लावून उभे, मिशा वर, आणि खांद्यावर टरबुजापेक्षा दुप्पट मोठा गोल दगड. आमच्या भागात यात्रेला असे दगड उचलायच्या शर्यती लागतात. त्या दगडाला गुंडकल्ल म्हणतात. सासऱ्यांनी तो उचलून चांदीचं कडं मिळवलं होतं. ते कडं आजही त्यांच्या मनगटात आहे, आणि चहाचा कप धरताना ते असं काही वाजतं, की समोरच्याच्या हातातला कप आपोआप खाली जातो.

"काय पडलं हो?" आतून रेश्माचा आवाज.

"काही नाही. मामांचा फोटो जरा पुसायला घेतलाय," मी म्हणालो. (फुटकी काच दुसऱ्या दिवशी बदलून आणली. तिला अजून माहीत नाही. हे छापून आलं की कळेल.)

तिसरा प्रयोग म्हणजे दाराच्या चौकटीत अडकवायचा लोखंडी बार. त्याला लोंबकळायचं, एवढंच. मी लोंबकळलो. तीन सेकंद फार छान गेले. चौथ्या सेकंदाला बार, चौकटीचा वरचा लाकडी भाग आणि मी असे तिघे मिळून खाली आलो. वरून अप्पाजी धावत आले.

"गोविंदराव, काय पाडायला लागलाय?"

"व्यायाम करत होतो."

त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चौकटीकडे. "तुम्ही चालाय का जात न्हाई? उणकलच्या तळ्यावर जावा की. तिथं काय घराला दार न्हाई, काय न्हाई," ते म्हणाले.

मी जमिनीवर बसल्या बसल्या समोरच्या फोटोकडे पाहिलं आणि मला ती कल्पना सुचली. सासऱ्यांनी हे शरीर कशावर कमावलं? बारवर? पट्ट्यावर? नाही. दगडावर! दगड तुटत नाही, सणसणत नाही, कुठे अडकवावा लागत नाही. आणि तो आधीच जमिनीवर असतो, त्यामुळे पडण्याचा प्रश्नच मिटला. इतका सुरक्षित व्यायाम मला आजवर कुणीच कसा सांगितला नाही, याचं नवल वाटलं.

योगायोगाने त्याच रविवारी मेव्हण्याची, म्हणजे पुंडलिकची, वास्तुशांत होती. रेश्माचं माहेर कलघटगीच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर. जेवणं झाल्यावर मी पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर ओळीने पाच दगड मांडलेले. गोल, गुळगुळीत, चुन्याचे पट्टे ओढलेले. पहिला एवढा अवाढव्य होता, की त्याच्याकडे बघूनच मला दम लागला. मग एकेक लहान होत गेलेला. शेवटचा सगळ्यात छोटा, आपल्या घरच्या पिठाच्या डब्याएवढा. प्रत्येकावर एकेक विडा ठेवलेला.

आता खरं तर माणसाने विचार करायला हवा होता, की कुणी उगीच दगडावर विडा कशाला ठेवील? पण मी पुरणपोळीवर दोन वाट्या तूप घेऊन आलेलो. मला वाटलं, जेवून येणाऱ्यांची सोय केलीय. मी छोट्या दगडावरचा विडा तोंडात टाकला. (मोठ्या दगडावरच्या विड्यालासुद्धा मी भितो.) मग माझी जुनी गाडी मागे घेतली, पारालाच टेकवली आणि डिकी उघडली. पाराची आणि डिकीची उंची बरोबर एक. मी खांदा लावून ढकलत ढकलत दगड डिकीत लोटला. गाडी मागून बसली, तसा मी दचकलो.

एवढ्यात समोरून सरस्वतीअव्वा आल्या. गावातल्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांनी डिकीकडे पाहिलं आणि विचारलं, "तगोंड होगतीरेन्री?" म्हणजे, नेताय की काय?

"हौद्री," मी म्हणालो. म्हणजे, हो. तोंडात विडा असल्यामुळे त्यापेक्षा जास्त कन्नड मला शक्य नव्हतं.

"नीवऽ?" म्हणजे, तुम्ही?

"हौद्री!"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पुढे येऊन माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एका दगडासाठी दृष्ट काढणारी म्हातारी बघून मला फार बरं वाटलं. माणसं साधी असतात खेड्यातली, असं मनात म्हणत मी रेश्माला घेऊन नवनगरला आलो आणि फळी लावून दगड व्हरांड्यात गडगडवला. रेश्मा दाराशी आली, दगडाकडे बघून दोन मिनिटं तशीच उभी राहिली आणि काही न बोलता आत गेली. तिला माहेरची आठवण आली असणार, असं मी समजलो.

तासाभरात पुंडलिकचा फोन.

"दाजी, काय हो हे! आम्हाला काय बोलला न्हाईसा!"

"कशाबद्दल?"

"गुंडकल्ल घेतलाय म्हणं तुम्ही! सगळ्या गावात तेच चाललंय."

"अरे हो, घरी व्यायामाला. चालेल ना?"

"चालंल म्हणजे! आणि विडा?"

"तो खाल्ला. बडीशेप छान होती."

 मग फोन बाजूला धरून पुंडलिक ओरडला, "अप्पा! दाजीनं विडा खाल्लाय! सोताच्या तोंडानं सांगाय लागलेत!" मागे कडं वाजल्याचा आवाज आला. माझ्या हातातला मोबाइल थरथरला. तो व्हायब्रेट मोडवर नव्हता.

मग पुंडलिकने समजावून सांगितलं, ते ऐकताना मी खाली बसलो. यात्रेच्या आठ दिवस आधी पारावर दगड मांडतात आणि एक विडा गेला की त्या जागी दुसरा ठेवतात. ज्याने विडा खाल्ला, त्याने मारुतीला शब्द दिला. यात्रेच्या दिवशी त्याने तो दगड सगळ्या गावासमोर खांद्यावर घ्यायचा आणि देवळाला फेऱ्या मारायच्या. ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याचा नंबर.

"आणि विडा परत केला तर?" मी विचारलं.

"खाल्लेला?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

"कुणी माघार घेतली न्हाई बघा अजून," पुंडलिक म्हणाला. "एक जण घेतलेला म्हणं आज्जाच्या काळात. त्यानं नंतर गावच सोडलं." आणि हसत हसत त्याने फोन ठेवला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं गाव. ढोल. पुढच्या खुर्चीत सासरे. आणि मध्यभागी मी, ज्याच्या दंडात डॉक्टरांना स्नायू सापडला नव्हता. अठरा वर्षांपूर्वी लग्नात सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि "हं" एवढंच म्हणाले होते. तो "हं" अजून माझ्या कानात आहे. त्याच्यात सगळं आलं होतं. आता त्या "हं"वर सगळ्या गावासमोर शिक्का बसणार होता.

मी रेश्माला सगळं सांगून टाकायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ती नागुबाईंशी बोलत होती.

"यात्रेत दगड उचलणार आहेत आमचे हे," ती सांगत होती.

नागुबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! गोविंदराव?"

"हो तर! विडा खाल्लाय त्यांनी."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी आल्या पावली परत फिरलो.

त्या आठवड्यात तिने मला डिंकाचे लाडू करून घातले. न विचारता ताटात दुसरी भाकरी वाढली. मी काही बोलायला लागलो, तर मध्ये तोडलं नाही. एकदा तर गल्लीतून जाताना तिने चारचौघींसमोर माझ्या दंडाला धरलं. (जे काही तिथे होतं, त्याला.) मला ती फार आवडली त्या आठ दिवसांत. म्हणूनच जास्त भीती वाटत होती. दगड पायावर पडला असता तर पाय मोडला असता, पाय जुळतात. तिचा चेहरा पडला असता, तर मी तो कुठल्या डॉक्टरला दाखवणार होतो?

सुटायची खटपट मी केली नाही असं नाही. डॉक्टरांकडे सर्टिफिकेट मागायला गेलो.

"वजन उचलू नये, असं लिहून द्या," मी म्हणालो.

"उचला, असं मीच सांगितलंय की! केस पेपरवर आहे बघा," ते म्हणाले.

सुपरिंटेंडेंट साहेबांना म्हटलं, रविवारी परीक्षेचं काम लावा. त्यांनी कारण विचारलं. यात्रा म्हटल्यावर ते टेबलाच्या पलीकडून उठून आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाळ छलो! फार चांगलं! जाऊन या. सोमवारची पण रजा घ्या. लागेल."

"लागेल" हा शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला, तो मला आवडला नाही.

राहता राहिला सराव. सोमवारी मी दगडाला मिठी मारली. आम्ही दोघेही जागचे हललो नाही. मंगळवारी रेश्मा बाजारात गेल्यावर सिद्धांतला बोलावलं. "सर, पाठ सरळ, गुडघे वाकवा, श्वास सोडा," तो सांगत होता. श्वास मी सोडला, पण दगडाने जमीन सोडली नाही. बुधवारी दगड आणि फरशी यांच्या मधून वर्तमानपत्र सरकेल एवढी फट पडली. गुरुवारी गुडघ्यापर्यंत आला. शुक्रवारी पोटापर्यंत आला आणि पोटावर टेकला. निसर्गाने मला तिथे एक फळी दिलेली आहे. शनिवारी मी डोळे मिटून एक हिसका दिला आणि दगड खांद्यावर गेला! मी आनंदाने डोळे उघडले आणि तेव्हा लक्षात आलं, की खाली कसा ठेवायचा ते आपण शिकलेलोच नाही. सिद्धांतने काढून घेतला म्हणून वाचलो, आणि त्यानेच तो गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला.

रविवार उजाडला. सकाळी मी दाढी करताना माझ्याच चेहऱ्याचा निरोप घेतला. गावात पोचलो, तर पारापुढे वाळू टाकून रिंगण केलेलं, माईक लावलेला, ढोल चालू. दुसरी एक गाडी भरून अप्पाजी आणि नागुबाईसुद्धा येणार होते, पण सुदैवाने अप्पाजींचे गुडघे दुखू लागले. देव असतो.

सासरे आले. पांढरं धोतर, फेटा, कडं. पुंडलिकने डिकी उघडली. सासऱ्यांनी वाकून दगड पाहिला. मग मिशीवर हात धरून त्यांना एकदम जोराचा खोकला आला. खोकत खोकतच ते पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले.  रागाने खोकणारी माणसं मी पाहिली आहेत.

रिंगणाशेजारी पैलवान अंगाला तेल लावत होते. एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे. एकजण मोठ्या दगडावर बोटांनी टकटक करून हसत होता. मी मनातल्या मनात मारुतीला म्हणालो, "मला यांच्याकडून हरवायचंच असेल तर हरव. या लोकांशी हरण्यात काही कमीपणा नाही. फक्त जीव ठेव."

माईकवरून पंचांनी पुकारलं. पहिला गट. नावं वाचली. पाचवं नाव माझं. मी पुढे जाऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चार पोरं उभी होती. कुणाची मिसरूड नाही फुटलेली, एकाच्या चड्डीला शाळेचा पट्टा. मागे वळून पाहिलं, तर आणखी नऊ. सगळी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"तुम्ही कुठं नेलासा आमचा दगड?" पुढचा पोरगा म्हणाला. "आठ दिवस प्रॅक्टिस न्हाई आमची."

मला कळेना. मी पंचांकडे गेलो. "साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. मी मोठा आहे."

"दिसतंय की," पंच म्हणाले. "पण विडा कुठला खाल्लासा?"

"छोट्या दगडावरचा."

"तो शाळेच्या पोरांचा. दगड बघून गट ठरतोय, माणूस बघून न्हाई. रीतच हाय आमची." मग ते माझ्याकडे वाकून प्रेमाने म्हणाले, "मोठ्यांचा उचलता का? घालतो तिकडं."

मी मोठ्या दगडाकडे पाहिलं. पैलवानाने अजून टकटक थांबवली नव्हती.

"नको. रीत मोडायला नको," मी म्हणालो.

वाचलो, असं वाटायला हवं होतं. दोन सेकंद वाटलंही. आणि मग माझ्या पाठीवर जो घाम फुटला, तसा त्या आठ दिवसांत फुटला नव्हता. पैलवानांशी हरलो असतो तर लोक म्हणाले असते, बिचारा क्लार्क माणूस, हिंमत केली. आता मी आठवीतल्या पोरांशी हरणार होतो! सगळ्या सासुरवाडीसमोर, माईकवर, ढोलाच्या गजरात. बायकांच्या बाजूला रेश्मा पहिल्या ओळीत बसली होती. मला तिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

पहिल्या पोराने दगड खांद्यावर घेतला आणि तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्याने दोन. तिसऱ्याने, म्हणजे शाळेच्या पट्ट्याने, दातओठ खात चार मारल्या आणि माझ्याकडे बघून दगड मागे टाकला. चौथ्याची एकच झाली. मग माझं नाव. ढोलवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने वेग वाढवला. "एत्तरी! एत्तरी!" लोक ओरडायला लागले. उचला, उचला!

मी दगडाला मिठी मारली. गुडघा. पोट. फळीवर थोडा विसावा. हिसका. दगड खांद्यावर गेला आणि मी चालायला लागलो. एक फेरी पूर्ण झाली. मला थांबायचं होतं हो! मनापासून थांबायचं होतं. पण थांबलो तर दगड खाली ठेवावा लागणार, आणि ठेवायला गेलो तर तो माझ्यासकट खाली जाणार, या भीतीने माझे पाय थांबेचनात. दुसरी फेरी सुरू झाली. "कुणीतरी घ्या हो!" मी ओरडलो. ढोलात कुणालाच ऐकू आलं नाही. सगळ्यांना वाटलं, मी मारुतीचा जयजयकार करतोय. त्यांनीही केला. दुसरी फेरी संपून मी तिसरीत शिरलो, तेव्हा मला समोर फक्त पिवळे ठिपके दिसत होते.

अडीच फेऱ्यांना कुणीतरी माझा रस्ता अडवला. कडं वाजलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांनी दोन हातांनी माझ्या खांद्यावरचा दगड उशीसारखा काढून घेतला, वाळूत ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गोविंदराव, तो मागं टाकायचा असतोय. सोडायचा नुसता. बस्स."

"हं," मी म्हणालो. अठरा वर्षांनी मी त्यांना तो परत केला. दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

चौदा जणांत माझा चौथा नंबर आला. हेडमास्तरांच्या हस्ते मला कंपास पेटी मिळाली. पैलवानांनी टाळ्या वाजवल्या. पट्टेवाला पोरगा येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा लवकर आणून द्या दगड." परतीच्या वाटेवर कमरेमुळे मला मान वळवता येत नव्हती, आणि वळवता आली असती तरी रेश्माकडे बघवलं नसतं. माझ्या डोक्यात एकच होतं. नवनगरला फाटकापाशी नागुबाई उभ्या असणार.

होत्याच. अप्पाजीही होते. मागे गल्लीतल्या आणखी तिघी.

"काय झालं गं?" नागुबाईंनी विचारलं.



"नंबर आला," रेश्मा म्हणाली.

"कितवा?"

"चौथा. चौदा जणांत."

"अगं बाई! आणि बाकीचे कसे होते?"

रेश्माने पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाली, "सगळेच्या सगळे यांच्यापेक्षा तरुण. एक जण यांच्या वयाचा असंल तर शपथ!"

बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. अप्पाजींनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी नको तिथे. "शाब्बास! मग उद्या सकाळी या की वर. आमचं गोदरेजचं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचंय. दोन वर्षं माणूस शोधतोय."

मी लंगडत आत आलो आणि सोफ्यावर आडवा झालो. रेश्माने पिशवीत गरम पाणी भरून आणलं. 

"तू माझी लाज राखलीस," मी म्हणालो. "पण आठ दिवस दगड व्हरांड्यात होता. तुला ओळखता नाही आला का, पोरांचा आहे म्हणून?"

"ओळखला की. गाडीतनं काढला तेव्हाच."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर गेला असता का तुम्ही? कधी नव्हे ते काहीतरी उचलाय निघाला होता." तिने पिशवी माझ्या पाठीखाली सरकवली. "आणि ओळखणार कसा नाही? मुलींना घेत नाहीत शर्यतीत, म्हणून सहावीत असताना कुणी नाही बघून मी मारल्यात त्याच्या सात फेऱ्या."

 वर अप्पाजी कपाटासमोरची जागा मोकळी करत असल्याचे आवाज येत होते.

"आता उद्याच्या कपाटाचं कसं करायचं गं?" मी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मी आणि नागुबाई बघतो," रेश्मा म्हणाली. "तुम्ही किल्ली धरा. दोन्ही हातांनी धरा पण, पायावर पाडाल."